अंगठ्याचं हाड

मोजा दोन पँटींच्या मध्ये घडी करून लपवलेला होता. शनिवारची सकाळ होती. तळघरातल्या वॉशकेलरमध्ये, धुलाईच्या खोलीत, मी मशीनमध्ये कपडे टाकत होते आणि तो खाली पडला. करड्या लोकरीच्या मोज्याच्या पंजावर रुपयाएवढा डाग होता, मध्ये तपकिरी, कडेने पिवळट, आणि तिथली लोकर वाळून कडक झाली होती. मी तो नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला.

मोजा सासऱ्यांचा होता. जानेवारीत ते पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई गेल्यापासून साताऱ्याला एकटेच राहायचे. भूमापन खात्यात भूकरमापक म्हणून आयुष्य काढलेलं. लोकांच्या जमिनी मोजत चौतीस वर्षं पायी हिंडलेला माणूस. वीस वर्षांपासून डायबेटिस. ते आले आणि पंधरा दिवसांत माझ्या नवऱ्याला कंपनीने नवीन लाइन सुरू करायला मेक्सिकोला पाठवलं. घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि बाबा. मी एका सप्लायर कंपनीत गाडीच्या सीटच्या मोटारी टेस्ट करते; दिवसभर मी ऑफिसात आणि बाबा डोनाऊ नदीच्या काठाने फिरायला, असं चाललं होतं.

मशीन तसंच उघडं टाकून मी वर आले. ते खिडकीशी चहा पीत बसले होते.

"बाबा, उजवा पाय दाखवा."

"का, काय झालं?"

"मोजा बघितला मी."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. "काही नाही गं सूनबाई. जरा सोलवटलंय. बरं होत आलंय."

"दाखवा."

"तू कशाला बघतेस? तो आला की दाखवेन त्याला."

"त्याला यायला अजून पाच आठवडे आहेत."

शेवटी त्यांनी मोजा काढला, तोही तोंड खिडकीकडे वळवून. उजव्या अंगठ्याच्या खालच्या बाजूला, मांसल भागावर, एक भोक होतं. वाटाण्याएवढं. कडेची कातडी पांढरी आणि जाड झालेली, आत ओलसर. अंगठा लाल होता आणि शेजारच्या बोटांच्या मानाने चांगलाच जाड दिसत होता.

"दुखत नाही?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. जरा अभिमानानेच म्हणाले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊ दिवसांपूर्वी ते सुपरमार्केटला गेले होते. इथे सामानाची गाडी साखळीतून सोडवायला नाणं नाहीतर प्लास्टिकची चकती लागते, तशी एक चकती मी त्यांना दिली होती. परत येताना ती सापडेना. खिसे पाहिले, पिशवी पाहिली. संध्याकाळी बूट काढला तेव्हा ती बुटात निघाली, अंगठ्याखाली. कधी आत पडली त्यांना कळलंच नव्हतं. नदीकाठचा अख्खा फेरफटका ते तिच्यावर चालले होते आणि पायाला पत्ता नव्हता.

"नऊ दिवस तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू कामाला जातेस, घरचं बघतेस. त्यात माझा पाय कुठे तुझ्या गळ्यात टाकू?"

मी चिडले होते, पण चकती माझी होती, बूटही मीच घेतलेले होते.

सोमवारी त्यांना आमच्या हाउसएर्त्स्टिनकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेले. माझ्याच वयाची बाई, भराभर बोलणारी. तिने बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि एक पातळ नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "लागतंय तेव्हा सांगायचं," मी मराठीत सांगितलं. बाबा डोळे मिटून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. ती टेकवत गेली. अंगठा, टाच, करंगळीखाली, पुन्हा अंगठा. बाबा वाट बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सुरू केलं का त्यांनी?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.

जखम साफ झाली, अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या, पुढच्या बाजूला भार पडू नये असा एक बेढब बूट मिळाला, एक्स-रे झाला. एक्स-रेत हाड ठीक दिसत होतं. "पण त्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाली. "हाडात संसर्ग असेल तर फोटोत दिसायला दोन-तीन आठवडे जातात." मग तिने रक्ताच्या रिपोर्टवर पेनाने दोन गोल केले. पहिला सीआरपीवर, सेहेचाळीस. दुसरा बीएसजीवर, अठ्ठ्याऐंशी. बीएसजी म्हणजे आपल्याकडचा ईएसआर: रक्त एका बारीक नळीत उभं ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचं.

"सीआरपी घाईचा आहे," ती म्हणाली. "शरीरात कुठेही संसर्ग झाला की चढतो, औषध लागू पडलं की उतरतो. बीएसजी सावकाश. पायाला अशी जखम आहे आणि बीएसजी सत्तरच्या वर आहे, असं दिसलं की मला हाडाची शंका येते. नुसती शंका. वयाने वाढतो, अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो. रक्ताच्या आकड्यांवरून हाडाचं नक्की कोणी सांगू शकत नाही. आपण दोन्हींवर नजर ठेवू."

घरी येताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"गोळ्या घ्या म्हणाली. आणि फिरणं बंद."

दुसरंच वाक्य त्यांच्या मनाला लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट.

ड्रेसिंग रोज करायचं होतं. आठवड्यातून दोनदा क्लिनिकमधली नर्स करणार, बाकीचे दिवस मी. पहिल्या दिवशी मी खाली पाटावर बसले आणि त्यांनी पाय मागे ओढला.

"सुनेने पाय धरायचे म्हणजे..."

"बाबा, दिवाळीला पाया पडते तेव्हा चालतं की."

"ते वेगळं. तेव्हा तू नमस्कार करतेस. हे घाण आहे."

मी त्यांची टाच मांडीवर घेतली. हलका पाय होता. तळव्याला जुन्या भेगा, घोट्यावर कुठल्याशा काट्याचा व्रण. मी सलाइनने जखम धुतली, पट्टी बसवली. पूर्ण वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. जर्मन महिने वाचत होते.

आठवड्याने दुसऱ्यांदा रक्त काढलं. सीआरपी एकोणीस, बीएसजी शहाऐंशी. डॉक्टर म्हणाली, ठीक, गोळ्या चालू ठेवा. अंगठ्याची लाली कमी झाली होती. जखमेचं तोंडही आवळत होतं. मी रोज फोटो काढून नवऱ्याला पाठवत होते आणि तो तिकडून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवायचा, म्हणजे छान चाललंय. त्या चित्राचा मला राग यायचा.

तिसऱ्यांदा रक्त काढलं तेव्हा फाशिंगची, म्हणजे इथल्या कार्निव्हलची सुट्टी होती आणि आमची डॉक्टर गावाला गेली होती. तिच्या जागी दुसरे डॉक्टर होते. वयस्कर, हसतमुख. त्यांनी जखम पाहिली, वरून जवळजवळ बंद झाली होती. कॉम्प्युटरकडे पाहिलं. "सीआरपी सहा! जेअर श्योन. गोळ्या संपल्या की संपलं." श्योन म्हणजे छान, एवढं बाबांना समजलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या डॉक्टरांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं.

दोन दिवस आम्ही सुखात होतो. मी शिरा केला, बाबांना चमचाभर दिला. ते परत फिरायला जाण्याच्या गोष्टी करायला लागले.

रिपोर्टचा कागद मी फाइलला लावायला म्हणून घेतला तेव्हा पाहिला. सीआरपीच्या ओळीत सगळं ठीक होतं. चार ओळी खाली बीएसजी होता, शेजारी छोटा वर जाणारा बाण. ब्याण्णव.

मी तिन्ही कागद डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सेहेचाळीस, एकोणीस, सहा. अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, ब्याण्णव. माझं कामच आकडे बघायचं आहे. दोन आकडे इतके दिवस दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर त्यातला आवडेल तो निवडून चालत नाही, हे मला ऑफिसात समजतं. घरी मी दोन दिवस शिरा खात होते.

क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "बीएसजीला वेळ लागतो. डॉक्टरांनी पाहिलंय ना?"

"पाहिलंय. पण तो वाढलाय."

"आमची डॉक्टर पुढच्या सोमवारी आहे. तेव्हा विचारा."

ती चुकीचं बोलत नव्हती. बीएसजीला खरंच वेळ लागतो. मी इंटरनेटवर वाचलं तेही तसंच होतं, आणि त्याच्या खाली हाडाच्या संसर्गाबद्दल जे होतं तेही वाचलं. बंद करून ठेवलं. बाबांना काही सांगितलं नाही. ते आतल्या खोलीत साताऱ्याच्या मित्राला फोनवर सांगत होते, "हो, हो, एकदम सुकली! इथले डॉक्टर हुशार."

गुरुवारी ड्रेसिंगची वेळ होती. एरवी बाबा ते काम एकटे करून यायचे, त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून बरोबर गेले. जखमांचं काम बघणारी नर्स साठीच्या जवळची होती, केस पुरुषासारखे कापलेले, हातात घड्याळ उलटं बांधलेलं. मी तिच्यासमोर तीन कागद धरले. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला काय विचारता. तिने कागद पाहिले, चष्मा डोक्यावर सरकवला आणि बाबांच्या पायाशी स्टूल ओढलं.

"हे वरून बंद दिसतंय," ती म्हणाली. "वरून."

तिने कडेची जाड कातडी छोट्या ब्लेडने सोलली. मध्ये सुईच्या नाकाएवढं छिद्र उरलं होतं. मग तिने पाकीट फोडून एक बोथट टोकाची स्टीलची सळई काढली, विणकामाच्या सुईपेक्षा बारीक. "त्यांना सांगा, मी आत बघणार आहे."

मी सांगितलं. बाबांनी मान हलवली.

सळई छिद्रातून आत गेली. मला वाटलं लगेच थांबेल. ती जात राहिली. नर्स श्वास रोखून, अगदी सावकाश ढकलत होती, आणि मग काहीतरी कठीण लागलं. आवाज असा काही झाला नसेल, पण मला तो ऐकू आला असं आजही वाटतं. तिने पुन्हा हलकेच टेकवलं. पुन्हा तेच. टेबलाच्या लाकडावर पेन्सिलीचं टोक टेकवावं तसं.

"क्नोखन," ती म्हणाली. हाड.

बाबा छताकडे बघत होते. त्यांच्या अंगठ्यात दीड सेंटिमीटर स्टील होतं, ते हाडाला टेकलेलं होतं, आणि त्यांनी मला विचारलं, "येताना केळी घेऊया का?"

नर्सने सळई काढली, हातमोजे काढले आणि लगेच हॉस्पिटलला फोन लावला. एकेक शब्द तोडून बोलत होती: डायबेटिक, जखम हाडापर्यंत, बीएसजी ब्याण्णव. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज. उद्या नाही. घरी जाऊन पिशवी भरा."

हॉस्पिटलमध्ये सगळं पुन्हा झालं. रक्त, एक्स-रे, आणि आता एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या टोकाच्या हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी एमआरआय. हाड त्यात पांढरं चमकत होतं. सूज असू शकते, संसर्गही असू शकतो, असं रेडिओलॉजिस्टने लिहिलं होतं. खात्री करायची तर हाडाचा तुकडा काढून लॅबला पाठवायचा, त्यात कोणते जंतू आहेत ते बघायचं.

हे सगळं सर्जनने सांगितलं. उंच माणूस, वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला आणि बाबांकडे बघून जर्मनमध्ये बोलला, थांबून माझ्याकडे पाहिलं.

तो म्हणाला होता: आम्ही अंगठ्यात आत जाऊन हाडाचा तुकडा घेऊ. आत गेल्यावर हाड मऊ, भुसभुशीत लागलं, तर ते टोकाचं हाड काढून टाकू, म्हणजे अंगठ्याचा पुढचा भाग जाईल. संसर्ग पुढे गेलेला दिसला तर अख्खा अंगठाही काढावा लागेल. त्यांची आधीच परवानगी हवी.

मी बाबांना म्हणाले, "तपासायला छोटासा तुकडा काढणार आहेत."

का म्हणाले, ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ. माझ्या लग्नात ते कुबड्या घेऊन आले होते. आधी एक बोट, मग पाऊल, मग गुडघा, आणि गुडघ्यानंतर वर्षभरात गेले. बाबा दर वेळी त्यांच्यासोबत हॉस्पिटलात होते. घरात त्या गोष्टीबद्दल कोणी बोलायचं नाही.

बाबांनी विचारलं, "आणि ते दहा काय म्हणत होते? त्सेन, त्सेन?"

बाबांना जर्मन आकडे येत होते. नदीकाठी पावलं मोजायला त्यांनी एक ते दहा पाठ केले होते. सर्जन म्हणाला होता त्सेएन, म्हणजे पायाची बोटं. दहाला म्हणतात त्सेन. कानाला जवळजवळ एकच.

"दहा दिवस राहावं लागेल का इथे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "साधारण दहा दिवस."

सर्जन आमच्याकडे बघत होता. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. "माफ करा," तो मला म्हणाला, "मी बरंच काही बोललो. तुम्ही एकच वाक्य सांगितलंत."

मी म्हणाले, मराठीत ते थोडक्यात सांगता येतं.

"मग त्यांनी 'आम्पुटात्सिओन'बद्दल काहीच का विचारलं नाही? सगळे विचारतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. "सही त्यांना करायची आहे. पाय त्यांचा आहे. तुम्हाला सांगणं जमत नसेल तर मी फोनवर दुभाषी शोधतो. हिंदी चालेल का त्यांना?"

अँप्युटेशन. तो शब्द कुठल्याही भाषेत तसाच. बाबांनी तो ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पांघरुणाची कड हातात घेऊन ते तिची घडी घालत होते, उलगडत होते.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. सगळं, सर्जनने सांगितलं त्याच क्रमाने. अंगठ्याच्या टोकापाशी मी थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बीएसजीचंही सांगितलं, तो सुरुवातीपासून वर होता हे, तिसऱ्या रिपोर्टात वाढला होता हे, आणि मला ते सोमवारपासून माहीत होतं हेही.

"म्हणजे शिरा खाल्ला तेव्हा..."

"तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही नऊ दिवस बोलला नाहीत."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलून गेले. सर्जन शब्द कळत नसूनही खाली बघायला लागला.

"मला घरी पाठव," बाबा म्हणाले. "तिकीट बदल. तिकडे जाऊन बघू काय ते."

"प्रवासात अंगठ्याचं पायापर्यंत जाईल बाबा."

"जाऊ दे. दादाचं पण त्यांनी असंच सांगितलं होतं. एकच बोट, एकच बोट." मग ते थेट सर्जनकडे वळले आणि त्याला मराठीत म्हणाले, "एकदा कापायला सुरुवात केली की तुम्ही लोक थांबत नाही."

मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द वगळला नाही.

सर्जनने विचारलं, भावाचं किती वर्षांपूर्वी झालं? पहिलं बोट काढण्याआधी जखम किती महिने होती? साखर किती होती? रक्त पायापर्यंत पोचत होतं का, तपासलं होतं का? बाबांना पहिल्या दोनचीच उत्तरं ठाऊक होती. जखम आठ महिने होती. मग सर्जनने बाबांची चादर बाजूला केली आणि दोन बोटांनी पावलावरची नाडी शोधली. बाबांचा हात धरून त्यांची बोटं तिथे टेकवली. "इथे. लागतंय?"

बाबांच्या पायाला काही कळत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. ते थोडा वेळ तसेच वाकून बसले, स्वतःच्या पायाची नाडी धरून.

"चालू आहे," ते म्हणाले.

"जोरात चालू आहे," सर्जन म्हणाला. "रक्त पोचतंय, म्हणून मी केलेली जखम भरेल. आणि तुम्ही आठ महिन्यांनी नाही, चौथ्या आठवड्यात आलात. मी हमी देत नाही. पण आज मला थोडंच काढावं लागेल असं वाटतं. महिन्याने तसं वाटणार नाही."

मी हे भाषांतर करत असताना बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काही गाळते का हे तपासत असावेत तसे. मग त्यांनी पेन मागितला. सही करण्याआधी फॉर्मवरच्या पायाच्या चित्राकडे बघितलं, तिथे सर्जनने अंगठ्याच्या टोकावर रेघ मारली होती. "ही हद्द," ते म्हणाले. "ह्याच्या अलीकडे यायचं नाही म्हणावं. मला विचारल्याशिवाय."

सर्जनने ते फॉर्मवर लिहून घेतलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पाऊण तास सांगितला होता, दीड तास लागला. मी कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनसमोर उभी होते. नवऱ्याचा मेसेज आला, तू ठीक आहेस का. मी फोन उलटा ठेवला. त्याला परत यायचं तिकीट मिळत होतं, पण पोचायला दोन दिवस लागणार होते. त्या दीड तासात मला तो नकोच होता. कोणीच नको होतं.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याने आधी हाताने दाखवलं, बोटाच्या पेरावर दुसरं बोट ठेवून. टोकाचं हाड ओल्या साखरेसारखं विरघळलेलं होतं, ते गेलं. मागचं हाड कठीण लागलं, ते राहिलं. त्याच्या कडेचा तुकडा लॅबला गेला होता. "रेघेच्या पलीकडे गेलो नाही," तो म्हणाला. "त्यांना सांगा."

शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी पायाकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "किती?"

"एक पेर."

"नक्की?"

"पट्टी सोडतील तेव्हा स्वतः बघा."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते पुसायला त्यांनी हात उचलला, त्यात सलाइनची सुई होती. मी पुसलं.

काढलेल्या हाडात जंतू निघाले. मागच्या तुकड्यातही थोडे होते, म्हणून सहा आठवडे अँटिबायोटिक ठरलं, आधी शिरेतून, मग गोळ्या. सहा आठवडे म्हणजे व्हिसा संपून पुढे. हॉस्पिटलचं पत्र घेऊन मी आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने पत्र दोनदा वाचलं, आणखी एक कागद मागितला, मी तो आणला आणि मुदत वाढली. विम्याची पत्रापत्री नवऱ्याने तिकडून सांभाळली. तो परत आला तोवर बाबा घरी आले होते. पहिल्या दिवशी ड्रेसिंगसाठी तो पुढे झाला, तर बाबा त्याला म्हणाले, "तुला जमायचं नाही. तिला करू दे."

दर सोमवारी रक्त काढायचं. हे सोमवार मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. ऑपरेशनच्या वेळी कोणीतरी काहीतरी करत होतं. इथे नुसती वाट. सीआरपी पहिल्याच आठवड्यात नॉर्मल झाला, पण आता त्याच्यावर आमच्यातल्या कोणाचाच विश्वास नव्हता. बीएसजी चौऱ्याऐंशी. मग एकोणऐंशी. मग परत एकोणऐंशी. त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले, अर्ध्या तासाची मीटिंग बुडवली. सुट्टीवरून परत आलेली आमची डॉक्टर फोनवर म्हणाली, "एका आकड्याकडे बघू नका. जखम कशी आहे? ताप? लाली? सगळं मिळून बघायचं." जखम छान होती. पण आधीही ती छानच दिसली होती.

पुढच्या सोमवारी अठ्ठावन्न आला. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, तर्जनीने ओळ शोधली आणि आकडा मोठ्याने वाचला. त्यानंतर रिपोर्ट आधी तेच वाचायचे. सत्तेचाळीस. सहाव्या आठवड्यात एकतीस, आणि डॉक्टर म्हणाली, या वयाला हे ठीक आहे, गोळ्या थांबवा, आता जाऊ शकता.

जाताना त्यांच्या पायात मापाने बनवलेले बूट होते. रोज घालण्याआधी त्यात हात घालून बघायचं, हे नर्सने त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं होतं. म्युनिकच्या विमानतळावर व्हीलचेअरवर बसायला ते तयार होईनात. माझ्या नवऱ्याशी त्यांची चांगलीच जुंपली. मी म्हणाले, "बाबा, पायाची नाडी बघा आधी." ते हसले नाहीत, पण बसले.

ऑगस्टमध्ये साताऱ्याहून रिपोर्टचा फोटो आला. ईएसआर पन्नास. मी ऑफिसात होते. फोन लावला, लागेना, परत लावला.

"बाबा, अंगठा लाल आहे का? सूज? भोक?"

"काही नाही."

"मला दाखवा."

त्यांनी व्हिडिओ लावला आणि पाय कॅमेऱ्यासमोर धरला. बुटका अंगठा, गुलाबी रेघ, कोरडी. टाच दाखवली, बोटांच्या मधल्या जागा दाखवल्या, एकेक बोट बाजूला करून. माझ्या शेजारच्या टेबलावरचा जर्मन सहकारी मान वळवून बघत होता.

"आठ दिवस खोकला होता मला," ते म्हणाले. "ताप पण येऊन गेला. डॉक्टर म्हणाले त्याने वाढला असेल. पंधरा दिवसांनी परत बघणार आहेत."

"खोकला होता हे सांगितलं का नाहीत?"

"आता सांगतोय ना. लगेच सांगतोय."

पंधरा दिवसांनी चौतीस आला. रिपोर्टच्या फोटोत त्यांची तर्जनीही आली होती, ईएसआरच्या ओळीखाली टेकवलेली.